नवऱ्याची म्युनिकची नोकरी आणि तुमची फिजिओथेरपी

तुम्ही ठाण्यात आठ वर्षं फिजिओथेरपी करताय, नवऱ्याला म्युनिकला ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या युरोपीय कामाच्या परवान्यावर) नोकरी मिळतेय आणि घरचे म्हणताहेत, ‘तुझं तिथे गेल्यावर बघू.’ कृपया असं ‘बघू’ म्हणून निघू नका. तिकडे खचलेल्या बायका मी पाहिल्या, त्या बहुतेक अशाच आल्या होत्या.

नोकरीच्या परवानगीची काळजी नको. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला जर्मनीत लगेच काम करता येतं, व्हिसासाठी भाषेची अटही नाही. (अमेरिकेत एच-फोरवाल्यांना, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्यांच्या जोडीदारांना, २०१५ पर्यंत ती सोयच नव्हती.) पण फिजिओथेरपीला तिथे सरकारी मान्यता लागते. पदवीची मान्यता आणि साधारण बी-टू पातळीचं (सहज संवाद साधता येईल इतपत) जर्मन असल्याशिवाय पेशंटला हात लावता येत नाही. अभ्यासक्रमात तफावत निघाली, तर वर प्रशिक्षण किंवा परीक्षा.

म्हणून नवरा पुढे गेला तरी चालेल; तुम्ही क्लिनिक सांभाळून इथेच जर्मन सुरू करा. मॅक्सम्युलर भवन काळा घोड्याला आहे, ऑनलाइन वर्गही असतात. ट्रान्स्क्रिप्ट, विषयवार तास, इंटर्नशिपचा दाखला, अनुभवपत्रं आताच काढा. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठात खेटे घालणं ठाण्याहून जमेल, म्युनिकहून नाही. मान्यतेचा अर्जही इथून करता येतो.

कराचंही आधीच बोलून घ्या. तिथे नवरा-बायकोला करवर्ग निवडता येतो. ३-५ची जोडी (जास्त पगारवाल्याला वर्ग ३, कमीवाल्याला ५) घेतली तर कमी पगारवाल्याची कपात जबर होते. वर्षाच्या हिशेबात दोघांचा मिळून कर तेवढाच, पण दरमहा तुमच्या खात्यात किरकोळ रक्कम दिसते आणि ‘एवढ्यासाठी कशाला धावपळ’ हे घरात सुरू होतं. मूल झाल्यावरचा पालकभत्ताही हातात येणाऱ्या पगारावरच ठरतो. तुम्ही ४-४, म्हणजे दोघांना एकच वर्ग, ठेवा.

वर्षावरच्या मुलाला पाळणाघरात जागा मिळण्याचा हक्क २०१३ पासून कायद्याने आहे, तरी मोठ्या शहरांत ती पटकन मिळत नाही. आणि पोळ्यांच्या मावशी तिथे नाहीत, आजीही नाही. तुमच्या परीक्षेच्या काळात घर कोण बघणार, हे नवऱ्याने आज सांगायला हवं.

शेवटचं आणि तातडीचं: नवऱ्याने ऑफरवर सही करण्याआधी तुमच्या भाषावर्गाचा आणि मान्यतेचा खर्च कंपनीकडे मागावा. सहीनंतर मागून फारसं काही हाती लागत नाही.

तुमचं बीपीटी (पदवी) आहे की एमपीटी (पदव्युत्तर)? कळवा, त्याप्रमाणे कागदांची यादी देते.