'अर्धायुष्य' म्हणजे अर्धं आयुष्य नव्हे

अंबाजोगाईहून एका ताईंनी विचारलंय: आईला थायरॉइडसाठी आयोडीनचं औषध दिलं. सोबतच्या कागदावर 'किरणोत्सर्गी आयोडीन-१३१, अर्धायुष्य ८ दिवस' असं लिहिलेलं. म्हणजे १६ दिवसांत औषध संपलं ना? आणि मुलाच्या शाळेच्या पुस्तकात याच गोष्टीला 'किरणोत्सारी' म्हटलंय, तर बरोबर कोणतं?

ताई, १६ दिवसांत ते संपत नाही. तुमचा समज तसा झाला याचा दोष मी शब्दालाच देतो. 'अर्धायुष्य' हा समास मराठी माणूस 'अर्धं आयुष्य' असाच सोडवणार. अर्धं आयुष्य गेलं म्हटलं की उरलेलं अर्धंही तेवढ्याच काळात सरणार, हे आपण धरून चालतो. इथं हिशेब आण्यांचा आहे. रुपयाभर आयोडीन घेतलं, तर ८ दिवसांनी आठ आणे उरतं, १६ दिवसांनी चार आणे, २४ दिवसांनी दोन आणे. दर वेळी जे हातात आहे त्याचं निम्मं. दहा वेळा निम्मं झालं, म्हणजे ८० दिवस गेले, की १०२४ भागांतला एक भाग राहतो. हा झाला नुसत्या आयोडीनचा हिशेब. शरीरातून पहिल्या काही दिवसांत बरंचसं लघवीवाटे निघूनही जातं, म्हणून आईंना वेगळं किती दिवस ठेवायचं हे डॉक्टरांनी सांगितलं तेच धरा, अर्धायुष्यावरून घरी काढू नका.

'आयुष्य' हा शब्दही मला इथं खटकतो. आयुष्य म्हटलं की वय आलं, म्हातारपण आलं. अणू म्हातारा होत नाही. काल तयार झालेला आयोडीन-१३१ चा अणू आणि महिनाभर टिकलेला अणू, दोघांची पुढच्या ८ दिवसांत बदलण्याची शक्यता सारखीच. नागपंचमीला कढईत ज्वारीच्या लाह्या फुटतात तेव्हा बघा. कोणता दाणा आता फुटेल ते सांगता येत नाही, पण आधी तडतड जोरात असते आणि दाणे कमी होतील तशी विरळ होत जाते. (दाण्याला तापावं लागतं, अणूला तेही लागत नाही. दाखला तेवढ्यापुरताच घ्या.) आणि फुटलेला दाणा नाहीसा होत नाही, त्याची लाही होते. आयोडीन-१३१ चंही तसंच, त्याचा झेनॉन वायू होतो. म्हणून 'किरणोत्सर्गी क्षय' यातला क्षय म्हणजे झिजणं किंवा कुजणं नव्हे. पंचांगातला तिथीचा क्षय, क्षयरोगातला क्षय, या दोन्हींची सावली त्या शब्दावर पडते आणि माणूस उगाच घाबरतो.

आता 'किरणोत्सर्ग'. उत्सर्ग म्हणजे बाहेर सोडणं. विसर्जन, उत्सर्जन यांतला 'सृज्' हाच धातू. 'उत्सार' आला 'सृ' वरून, त्यात सरणं, सारणं आहे. अर्थानं दोन्ही चालतात. मुलाला परीक्षेपुरतं पुस्तकातलंच लिहू द्या. मला स्वतःला 'उत्सर्ग' जवळचा वाटतो, कारण तो कानाला ओळखीचा आहे. खरा घोटाळा वेगळाच आहे. पदार्थाचा गुणही किरणोत्सर्ग आणि त्यातून निघतात ते किरणही किरणोत्सर्ग, असं आपण सर्रास बोलतो. निघणाऱ्या ऊर्जेसाठी मराठी विश्वकोशात 'प्रारण' हा शब्द आहे, तो बोलण्यात रुळला नाही याचं मला वाईट वाटतं.

या घोटाळ्याची झळ मी घरात पाहिली आहे. मावशी बार्शीला शेक, म्हणजे किरणांचा उपचार, घेऊन आली, तेव्हा शेजारच्यांनी तिचा कप वेगळा ठेवला. तिला शेक बाहेरून, यंत्रानं दिले होते. यंत्र बंद झालं की किरण संपले. दिवा मालवल्यावर भिंतीत उजेड उरत नाही, तसं. मावशीला किरण लागले होते, ती किरणोत्सर्गी झाली नव्हती. तुमच्या आईंच्या बाबतीत मात्र पदार्थच पोटात गेलाय. त्यातून बीटा निघतात, म्हणजे वेगवान इलेक्ट्रॉन. ते एक-दोन मिलिमीटरांतच थांबतात, म्हणून काम थायरॉइडमध्येच होतं. सोबत निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर पडतात, म्हणून लहान मुलांपासून आणि गरोदर बायकांपासून काही दिवस अंतर ठेवायला सांगतात. यांत सरळ अर्थानं 'किरण' फक्त गॅमाच. बीटा, आणि दुसऱ्या काही किरणोत्सर्गी पदार्थांतून निघणारे अल्फा, हे कण आहेत. अल्फाला तर साधा कागदही अडवतो. १८९९ मध्ये रदरफर्ड या शास्त्रज्ञानं अल्फा-बीटा ही नावं दिली तेव्हा ते कण असल्याचं नीट ठरलं नव्हतं, आणि 'किरण' तेव्हापासून चिकटला तो चिकटलाच.

'अर्धायुष्य' आता पुस्तकांतून जायचं नाही. पण कुणाला समजावून सांगताना मी 'निम्मं व्हायचा काळ' म्हणतो. वेरूळच्या खडकालाही ते लागू पडतं. त्यातल्या किरणोत्सर्गी पोटॅशियम-४० चा निम्मं व्हायचा काळ सुमारे १२५ कोटी वर्षं आणि खडक सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. म्हणजे शंभरातलं ९६ च्या आसपास अजून तसंच आहे. जे बदललं त्यातल्या थोड्याचा आर्गॉन वायू झाला, आणि खडकात अडकलेला तो वायू मोजूनच असल्या खडकांचं वय काढतात.