बेटाला ४ आणि अल्बर्टाला फक्त ६?

प्रश्न: नमस्कार, माझी लेक-जावई कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, कॅलगरीला सेटल झालेत, आता तिकडचे सिटिझन आहेत. परवा व्हिडिओ कॉलवर जावई तावातावाने सांगत होते की कॅनडाच्या सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, आमच्या अल्बर्टाला ६ सीट आणि पूर्वेकडच्या एका पिटुकल्या बेटाला ४, वर निवडणूकही नाही, सगळे नेमलेले. असं कसं काय चालतं हो?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: जावईबापूंचं खरंय. ते बेट म्हणजे प्रिन्स एडवर्ड आयलंड, तोही एक प्रांतच. २०२१ च्या जनगणनेत तिथे दीडेक लाख माणसं आणि अल्बर्टात ४२ लाखांच्या वर, म्हणजे बेटावर साधारण ३८ हजारांमागे एक सिनेटर आणि अल्बर्टात ७ लाखांमागे एक!

मुळात या सीट डोकी मोजून वाटलेल्याच नाहीत. १८६७ मध्ये देश झाला तेव्हा खालच्या सभागृहात लोकसंख्येच्या जोरावर ऑन्टारिओ आपल्याला दाबणार ही क्युबेकला धास्ती, मग तडजोड काय झाली, तर वरच्या सभागृहात ऑन्टारिओ २४, क्युबेक २४ आणि अटलांटिककडचे प्रांत मिळून २४. बेट आलं १८७३ मध्ये, त्याला त्याच २४ मधल्या ४ मिळाल्या. पश्चिमेच्या चार प्रांतांना १९१५ मध्ये प्रत्येकी ६ दिल्या, तेव्हा तिकडे वस्ती तुरळकच, पुढे माणसं वाढत गेली पण आकडा जागचा हलला नाही. आज एकूण १०५.

सिनेटर त्याच प्रांतात राहणारा हवा आणि तिथे ४ हजार डॉलरचा जमीनजुमला हवा, हा आकडापण १८६७ चाच. १९९७ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या सिस्टर पेगी बट्स यांची नेमणूक झाली, त्या नन, गरिबीचं व्रत घेतलेलं, नावावर काहीच नाही, शेवटी त्यांच्या संघाने जमिनीचा एक तुकडा त्यांच्या नावावर केला तेव्हा कुठे काम झालं. (आपल्या राज्यसभेत त्याच राज्याचा मतदार असण्याची अट २००३ मध्ये काढूनच टाकली, त्यामानाने हे लोक कडकच म्हणायचे.)

पण मला विचाराल तर ४ की ६ हे दुय्यम आहे, खरी गोम नेमतं कोण यात आहे. नाव सुचवतात पंतप्रधान, नेमतात गव्हर्नर जनरल, आणि मग वयाच्या ७५ पर्यंत खुर्ची पक्की, प्रांताला विचारायची गरजच नाही. अल्बर्टाने यावर स्वतःच निवडणूक घेतली, १९८९ मध्ये जिंकलेल्या स्टॅन वॉटर्स यांना १९९० मध्ये नेमलंही, पण पंतप्रधानांवर तसं बंधन काही नाही. २०१४ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा निवडणुका देशभर आणायच्या तर निम्मी लोकसंख्या असलेले किमान ७ प्रांत राजी हवेत. सीटची वाटणी बदलायची तरी तशीच संमती लागते, आता छोटे प्रांत स्वतःची सीट कशाला सोडतील?

आणि हो, १९१५ पासून असाही नियम आहे की कुठल्याच प्रांताचे खासदार त्याच्या सिनेटरांपेक्षा कमी असायचे नाहीत, म्हणून त्या बेटाला खालच्या सभागृहातही ४ सीट पक्क्या. हे जावयांना सांगायचं का, ते तुम्हीच बघा.