वाचकांचे प्रश्न : राज्य हरवलेल्या लोकांचे युद्धचित्र

प्रश्न : यान मातेइको या पोलिश चित्रकाराचे ‘ग्रुनवाल्डची लढाई’ हे १८७८ मधील चित्र पोलंडच्या राष्ट्रीय अस्मितेचे प्रतीक मानले जाते. परंतु त्याची प्रतिकृती लक्षपूर्वक पाहिली असता विजयी राजा चटकन सापडत नाही, गर्दी इतकी आहे की कोण कोणावर वार करतो आहे हे उमगत नाही, आणि त्यातील शस्त्रे व चिलखते एका काळातील नाहीत असेही वाचनात आले. असे चित्र एका राष्ट्राची ओळख कसे ठरले?

उत्तर : आपली तिन्ही निरीक्षणे बरोबर आहेत आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच दडलेले आहे. मात्र त्याआधी चित्र कोणत्या परिस्थितीत काढले गेले हे ध्यानात घ्यायला हवे. मातेइको हे चित्र रंगवत होता तेव्हा युरोपच्या नकाशावर पोलंड नावाचे स्वतंत्र राज्य अस्तित्वात नव्हते. १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन फाळण्यांमध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो देश आपसात वाटून घेतला होता. १८३० आणि १८६३ मध्ये रशियाविरुद्ध झालेले उठाव मोडून काढण्यात आले. १८६३ च्या उठावात मातेइकोचे भाऊ सामील झाले होते. पंचविशीतल्या मातेइकोने स्वतः शस्त्र हाती धरले नाही, परंतु बंडखोरांच्या छावणीपर्यंत शस्त्रे पोहोचवण्यास मदत केली. उठावानंतर रशियाच्या ताब्यातील भागात शाळा-कचेऱ्यांतून पोलिश भाषा हटवली जाऊ लागली, आणि १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य स्थापन झाल्यावर बिस्मार्कच्या राजवटीतही पोलिश प्रजेच्या जर्मनीकरणाला जोर चढला. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशिया प्रांताला मात्र १८६० च्या दशकात बरीच स्वायत्तता मिळाली होती. त्यामुळे क्राकूव्ह शहरात पोलिश भाषेत शिकवता येत होते, पोलिश इतिहासावर उघडपणे बोलता येत होते आणि असे भव्य चित्र नगरभवनात मांडताही येत होते.

विषय म्हणून मातेइकोने निवडलेली लढाई १५ जुलै १४१० ची आहे. त्या दिवशी पोलंडचा राजा व्लादिस्लाव यागिएलो आणि त्याचा चुलतभाऊ, लिथुआनियाचा अधिपती व्हिटोल्ड, यांच्या संयुक्त सैन्याने ट्यूटॉनिक सरदारसंघाचा, म्हणजे बाल्टिक किनाऱ्यावर स्वतःचे राज्य उभारलेल्या जर्मन धर्मयोद्ध्यांचा, निर्णायक पराभव केला आणि त्यांचा प्रमुख उलरिच फॉन युंगिंगेन रणांगणावरच मारला गेला.

आता सव्वाचार मीटर उंच आणि जवळजवळ दहा मीटर रुंद अशा त्या कॅनव्हासकडे वळू. मधोमध घोड्यावर स्वार झालेला, लाल वेशातील, तलवार उंचावलेला आणि बेभान झाल्यासारखा दिसणारा पुरुष हा पोलंडचा राजा नसून व्हिटोल्ड आहे. राजा यागिएलो उजवीकडे वर, दूरच्या उंचवट्यावर, लहानशा आकारात आहे. पोलिश राष्ट्राचे म्हणून ओळखले जाणारे चित्र आपले केंद्रस्थान एका लिथुआनियन अधिपतीला देते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मातेइकोच्या मनातील पोलंड म्हणजे एकाच वंशाचा किंवा एकाच भाषेचा देश नव्हता. पोलंड आणि लिथुआनिया यांनी मिळून घडवलेले, ज्यात रुथेनियन (आजच्या युक्रेनी व बेलारूसी लोकांचे पूर्वज) आणि तातारही नांदत होते असे जुने संयुक्त राज्य त्याला अभिप्रेत होते. १४१० च्या सैन्यात हे सारे लोक खरोखरच होते. चेक योद्धेही होते, आणि पुढे हुसाइटांचा, म्हणजे चेक धर्मसुधारक यान हुसच्या अनुयायांचा, सेनानी म्हणून गाजलेला यान झिश्का त्या लढाईत होता या परंपरागत समजुतीला धरून मातेइकोने त्यालाही चित्रात स्थान दिले. (मातेइकोचे वडील स्वतः चेक संगीतकार होते.)

व्हिटोल्डच्या डाव्या बाजूस, म्हणजे आपण पाहताना डावीकडे, पांढऱ्या झग्यातील संघप्रमुख युंगिंगेन शेवटच्या क्षणी सापडला आहे. त्याच्यावर चालून आलेले दोघे उमदे सरदार नाहीत. ते पायी लढणारे साधे लोक आहेत. त्यांपैकी एकाच्या हातातील भाला हा संत मॉरिसच्या भाल्याची आठवण देणारा आहे. सम्राट तिसऱ्या ऑटोने इसवी सन १००० मध्ये त्या भाल्याची प्रतिकृती पोलंडच्या बोलेस्लावला भेट दिली होती आणि ती क्राकूव्हच्या वावेल टेकडीवरील कॅथेड्रलमध्ये जपून ठेवलेली आहे. जर्मन सम्राटाने ज्याचे दान देऊन पोलंडच्या राज्यकर्त्याला मान दिला, तेच आयुध जर्मन सरदारसंघाच्या प्रमुखावर रोखलेले दाखवणे, आणि तेही सामान्य माणसाच्या हाती देणे, यात एक संपूर्ण युक्तिवाद आहे. वर आकाशात पोलंडचा आश्रयदाता संत स्टानिस्लाव गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे. प्रत्यक्ष रणांगणाचा वृत्तांत देणे एवढाच हेतू असता, तर यातील काहीच लागले नसते.

चिलखतांचा मुद्दाही येथेच सुटतो. मातेइकोला जुन्या वेशभूषेची माहिती नव्हती असे म्हणता येणार नाही. १२०० ते १७९५ या काळातील पोलंडमधील पोशाखांचा चित्रसंग्रह त्याने १८६० मध्येच प्रसिद्ध केला होता आणि जुनी शस्त्रे व वस्त्रे तो आयुष्यभर जमवत राहिला. असा माणूस निरनिराळ्या शतकांतील वस्तू एकाच चित्रात आणतो, तेव्हा त्याला एक दिवस रंगवायचा नसून त्या दिवसाभोवती साठलेली अनेक शतकांची स्मृती रंगवायची आहे, असे मी समजतो. गर्दीबद्दलची तक्रार मात्र मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. चित्रात श्वास घ्यायला जागा नाही असे त्याच्या समकालीन टीकाकारांनीही म्हटले होते आणि कडेच्या काही भागांत ते खरे आहे. तरीही या दाटीमुळे पाहणाऱ्याला सुरक्षित अंतरावर उभे राहून देखावा न्याहाळण्याची मुभा मिळत नाही. तो घोड्यांच्या टापांजवळ खेचला जातो.

याच सुमारास, १८७७ मध्ये, अँटन फॉन वेर्नर या जर्मन चित्रकाराने व्हर्सायच्या आरसेमहालातील १८७१ च्या सोहळ्याचे, म्हणजे जर्मन साम्राज्याच्या घोषणेचे, चित्र पूर्ण केले. तेथे गणवेशधारी अधिकारी शिस्तीत उभे आहेत, तलवारी उंचावून जयघोष करत आहेत आणि उंच चौथऱ्यावर सम्राट आहे. ज्यांच्याकडे राज्य आहे त्यांनी आपली ओळख समारंभातून मांडली. ज्यांच्याकडे सिंहासन, सैन्य किंवा सीमा यांपैकी काहीच नव्हते त्यांच्या चित्रात राजा दूर जातो आणि झुंजणारा समुदाय पुढे येतो, हे मला अत्यंत प्रामाणिक वाटते. चित्राचे प्रथम प्रदर्शन झाल्यावर, १८७८ मध्येच, क्राकूव्हच्या नगरसभेने मातेइकोला राजदंड अर्पण केला. राजाविना जगणाऱ्या लोकांनी तो मान एका चित्रकाराला दिला, यावरून त्या काळी या चित्राकडे कोणत्या दृष्टीने पाहिले गेले ते स्पष्ट होते.

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात हे चित्र लपवून ठेवावे लागले असे ऐकले. एका जुन्या चित्राची जर्मनांना एवढी अडचण का वाटावी?

उत्तर : कारण ग्रुनवाल्डचा पराभव जर्मन राष्ट्रवादालाही सलत होता. ऑगस्ट १९१४ मध्ये त्याच परिसरात रशियन सैन्याचा पराभव केल्यावर जर्मनांनी त्या विजयाला मुद्दाम टॅननबर्गचे नाव दिले. १४१० ची लढाई जर्मन इतिहासात याच नावाने ओळखली जाते. १९१० मध्ये, लढाईच्या पाचशेव्या वर्षी, क्राकूव्हमध्ये उभारलेले ग्रुनवाल्ड स्मारक नाझींनी १९३९ मध्ये शहर ताब्यात घेताच पाडून टाकले. चित्र त्याच वर्षी वॉर्साहून लुब्लिनला हलवले गेले होते. तेथे ते मातेइकोच्याच ‘स्कार्गाचे प्रवचन’ या चित्रासह दडवण्यात आले आणि पुढे जमिनीखाली पुरण्यात आले. ठावठिकाणा सांगणाऱ्यास जर्मनांनी मोठे इनाम जाहीर केले, तरी माहीत असलेल्यांनी तोंड उघडले नाही. १९४४ मध्ये ते बाहेर काढले तेव्हा ओलाव्याने त्याची बरीच हानी झाली होती आणि दुरुस्तीला काही वर्षे लागली. आज ते वॉर्साच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. प्रतिकृती पाहून झालेला गोंधळ मूळ चित्रासमोर पुष्कळ कमी होतो, कारण मुद्रित पानावर गर्दीत हरवणारे चेहरे तेथे माणसाच्या आकाराचे आहेत. तेथे जाण्याचा योग आल्यास आधी युंगिंगेनचा चेहरा पाहावा. मातेइकोने शत्रूच्या या प्रमुखाला कुरूप किंवा हास्यास्पद केलेले नाही.