व्हीआर गेमिंग सेंटरमधील हिंसक खेळांवर प्लॅटफॉर्मनेच निर्बंध घालावेत का?

घालावेत, परंतु तेवढ्याने भागणार नाही. सोलापुरात होटगी रस्त्यावर दाजींच्या भागीदारीत मी दोन वर्षे व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) सेंटर, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून चहूबाजूंनी दिसणाऱ्या आभासी जगात खेळण्याचे ठिकाण, चालवले आहे, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे.

प्लॅटफॉर्म म्हणजे हेडसेट आणि त्यावरचे खेळ पुरवणाऱ्या सोनी, मेटा (फेसबुकची कंपनी) यांसारख्या कंपन्या. खेळांवर वयाची खूण असते. सोनी आपला हेडसेट १२ वर्षांखालील मुलांसाठी नाही असे बजावते आणि मेटाने २०२३ मध्ये १० वर्षांपासूनच्या मुलांना खाते दिले तेही पालकांच्या संमतीने. मात्र आमचे सगळे हेडसेट माझ्याच खात्यावर चालत. दिवसभरात चाळीस डोक्यांवर चढणारा हेडसेट प्लॅटफॉर्मच्या लेखी एकट्या माझ्याच डोक्यावर असे, आणि माझे वय तेव्हा चौतीस होते.

गड्ड्याच्या यात्रेचे दिवस होते. सेंटरमध्ये पाहुण्यारावळ्यांची गर्दी असताना दाजींनी आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला, म्हणजे माझ्या भाच्याला, चालत्या प्रेतांवर गोळ्या झाडण्याच्या खेळाला उभे केले. खेळावर १८ वर्षांची खूण होती. मी हटकले, तेव्हा ‘घरचंच पोरगं आहे, आणि खेळच आहे तो’ असे म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा आवळला. पहिली दोन मिनिटे तो हसत होता. मग मागून आवाज आला म्हणून तो वळला आणि जागच्या जागी थिजला. बाहेरच्या पडद्यावर आम्हांला दिसत होते की प्रेत त्याच्या तोंडाशी आले आहे. दोन्ही हातांत कंट्रोलर होते आणि डोक्यावरचे यंत्र काढता येते याचेच त्याला भान राहिले नव्हते. मी हेडसेट काढला तेव्हा त्याची पँट ओली झाली होती. दाजी मोबाइलवर चित्रीकरण करत होते आणि रांगेतली माणसे हसत होती. पुढे कित्येक रात्री त्याने ताईला खोलीतला दिवा मालवू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वयाचा फलक लावला. त्यावरून दाजींशी जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की होम मैदानावर मुले बंदुकीने फुगे फोडतात, मौत का कुआँ पाहतात, त्यांना कुठे काय होते? परंतु मौत का कुआँ पाहताना मूल घाबरले तर बापाच्या शर्टात तोंड लपवते. हेडसेटमध्ये मान कुठेही वळवली तरी तेच दिसते, आणि बाप शेजारी उभा असला तरी दिसत नाही.

म्हणूनच सेंटरसाठी वेगळे खाते असावे आणि त्यात १८ वर्षांची खूण असलेला खेळ प्रत्येक ग्राहकासाठी पिन टाकल्याशिवाय सुरूच होऊ नये, असे मला वाटते. त्यामुळे निदान काउंटरवरच्या माणसाला नकळत घडले असे म्हणता येणार नाही. निर्मात्यांनाही पुष्कळ करता येते. ‘सुपरहॉट व्हीआर’ या खेळाच्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये स्वतःला इजा करण्याची दृश्ये स्वतःहून काढून टाकली.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. असे खेळ खेळून मुले गुन्हेगार होतात, असा माझा दावा नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननेही २०२० मध्ये हिंसक व्हिडिओ गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणण्यास पुरेसा पुरावा नसल्याचे सांगितले. प्रौढांना हे खेळ खुशाल खेळू द्यावेत, मीही खेळतो. माझा आक्षेप नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर पट्टा आवळण्याला आहे.

आपल्या मुलाला नेणार असाल तर आधी तो खेळ स्वतः पूर्ण खेळून पाहा, आणि मूल खेळत असताना मोबाइल खिशात ठेवून त्याच्या खांद्यावर हात ठेवा. सेंटर आता दाजी एकटेच चालवतात आणि तो फलक तिथे नाही. भाचा अकरा वर्षांचा आहे. तो सेंटरची पायरी चढत नाही, तेव्हा पोरगं भित्रं निघालं, असे दाजी चारचौघांत सांगतात. खेळावरचा १८ हा आकडा त्या संध्याकाळी मी त्यांना बोट ठेवून दाखवला होता.