थायलंडमधल्या सुरिनला हत्ती आणि हस्तकला पाहायला कुटुंबासह जायचंय. नोव्हेंबरचा हत्ती उत्सव गाठावा की एरवी जावं?

जरूर जा, आणि माझं ऐकाल तर उत्सव टाळून जा.

हा उत्सव 1960 पासून नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला भरतो. दोन-तीनशे हत्ती शहरात येतात. रस्त्याकडेला लांबच लांब टेबलं मांडून त्यांना ऊस, केळी, अननसाची पंगत वाढतात. ती पंगत खरंच बघण्यासारखी असते, मुलं हरखून जातात. त्यानंतर मैदानात जुन्या लढायांचे देखावे, रस्सीखेच, फुटबॉल असले खेळ होतात, ते मात्र मला बघवत नाहीत. चेंडू लाथाडायला शिकवताना त्या जनावराला काय सोसावं लागलं असेल, हा विचार पाठ सोडत नाही. शिवाय त्या दिवसांत खोल्या मिळत नाहीत, आणि ज्यांना भेटायला सुरिनला जायचं ती माणसं कामात बुडालेली असतात.

ती माणसं म्हणजे कुई, पिढ्यानपिढ्या हत्ती पाळणारा समाज. सुरिन शहराच्या उत्तरेला साधारण साठ किलोमीटरवर, मून आणि ची नद्यांच्या संगमाजवळ, बान ता क्लांग हे त्यांचं गाव आहे. तिथे हत्ती घराशेजारी छपराखाली उभा असतो आणि घरातली पोरं त्याच्या आसपास खेळत असतात. पूर्वी कुई लोक कंबोडियाच्या बाजूच्या जंगलातून रानहत्ती धरून आणत. म्हशीच्या कातड्याचा लांब दोर हे त्यांचं साधन. हा दोर आजही देवासारखा पुजला जातो, घराजवळ त्याची वेगळी देवळी असते. बायकांनी त्याला हात लावायचा नाही अशी रीत आहे, तेव्हा मुलींना आधीच सांगून ठेवा.

1960 च्या आसपास कंबोडियाच्या सीमेवरच्या तणावामुळे हत्ती धरणं थांबलं. 1989 मध्ये थायलंडने जंगलात लाकूडतोडीला बंदी घातली, तसे ओंडके ओढणारे देशभरचे हत्ती बेकार झाले. कितीतरी माहूत हत्ती घेऊन बँकॉकच्या रस्त्यांवर केळी-ऊस विकत फिरू लागले. बाकीचे पर्यटकांच्या तळांवर गेले. 2020 मध्ये महामारीने पर्यटन बंद पडलं तेव्हा यातले बरेच हत्ती माहुतांबरोबर पायी घरी परतले. हे माहीत असलं की गावात जे दिसतं त्याचा अर्थ लागतो.

कारण हत्तींच्या पायांत साखळ्या दिसतीलच, आणि मुलं विचारतील. आजूबाजूला सगळी भातशेती, मोकळं रान थोडं, आणि माजावर आलेला नर कुणालाच आवरत नाही. माहुतांनी सांगितलेली ही कारणं मला पटली, तरी बघताना जीव तुटला. म्हणून सांगते, पाठीवर बसू नका, कसरतींचे कार्यक्रम पाहू नका. हत्तीबरोबर नदीपर्यंत चालत जाणं, त्याच्यासाठी चारा कापणं, त्याला डुंबताना बघणं, असं काही ठरवता येतं का ते विचारा. एखाद्या घरी मुक्काम केलात तर पैसे थेट त्या कुटुंबाला मिळतात आणि संध्याकाळी बोलायला वेळही मिळतो.

आता रेशीम. शहरापासून जवळच बान था सावांग गाव आहे, तिथले जरीकामाचे माग बघितल्याशिवाय परत येऊ नका. नक्षी उचलणाऱ्या दोऱ्यांची संख्या एका मागावर हजाराच्या वर जाते, प्रसिद्ध मागावर तर 1,416. माग इतका उंच की खाली खड्डा करून त्यात एक जण बसतो आणि वरून आलेल्या दोऱ्या सांभाळतो. चार माणसं दिवसभर राबतात तेव्हा सहा-सात सेंटीमीटर कापड होतं. येवल्यात पैठणीचा माग पाहिला असेल तर इथे तासभर सहज रेंगाळाल. तिथे विणकराची बोटं रंगीत धागे गुंफून नक्षी काढतात, इथे सगळी नक्षी त्या दोऱ्यांत आधीच बांधून ठेवलेली असते. 2003 मध्ये बँकॉकला एपेक, म्हणजे आशिया-पॅसिफिक देशांची परिषद झाली, तेव्हा राष्ट्रप्रमुखांच्या पोशाखांचं कापड याच गावात विणलं होतं.

हे कापड आपल्या खिशाला झेपणारं नाही, पण साधं सुरिन रेशीम झेपतं. धागे आधी बांधून रंगवलेलं, बारीक उभ्या पट्ट्यांचं ‘होल’ नावाचं कापड ही इथली खास ओळख. लाल रंग लाखेचा, निळा नीळीचा. विणणाऱ्या बाईकडूनच घ्या आणि घासाघीस करू नका, किती दिवसांचं काम आहे ते डोळ्यांनी बघितलेलं असतं. कोष उकळून धागा काढला की आतल्या अळ्या तिथेच खाल्ल्या जातात, तुमच्याही पुढे करतील. नको असतील तर हसून हात जोडा, कुणी रागावत नाही.

खवाओ सिनारिन भागात चांदीचे मणी करतात. मणी पातळ पत्र्याचा असतो, आत लाख भरून वर नक्षी ठोकतात. म्हणजे वजनावर भाव करायला जाऊ नका, पैसे कारागिरीचे असतात.

एक दिवस सिखोरफुमला द्या. सुरिनहून रेल्वेने थोडंच अंतर आहे. कंबोडियाच्या जुन्या ख्मेर साम्राज्याच्या काळातलं, बाराव्या शतकातलं मंदिर, विटांची पाच शिखरं. मुख्य दाराच्या वरच्या शिळेवर दहा हातांचा नाचणारा शिव, खाली गणपती, ब्रह्मा, विष्णू आणि उमा. आपल्या माणसाला तिथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

कंबोडिया सीमेवरच्या ता मुएन थॉमसारख्या मंदिरांकडे मात्र सध्या जाऊ नका. जुलै 2025 मध्ये तिथेच दोन देशांत गोळीबार सुरू झाला होता. निघण्याआधी सीमेवरच्या बातम्या बघाच.

बँकॉकहून सुरिन रेल्वेने 420 किलोमीटर. रात्रीची स्लीपर गाडी सोयीची, पहाटे पोहोचता. शाकाहारी असाल तर ‘जे’ म्हणून सांगा. मासे-मांसच नव्हे, लसूण-कांदाही घालत नाहीत. नुसतं ‘भाजी’ म्हटलंत तर तिच्यात माशांचं पाणी असतंच.

तारीख गाठायचीच असेल तर मे महिन्यातली गाठा. बान ता क्लांगचे तरुण भिक्खू होण्याआधी सजवलेल्या हत्तींवरून मिरवत नदीवर जातात. तो त्यांचा घरचा सोहळा आहे, तुमच्यासाठी मांडलेला खेळ नाही. ऊन मात्र विदर्भातल्यासारखं असतं, मुलांच्या डोक्यावर टोपी आणि हाताशी पाणी हवंच.