आजींशेजारी रोझरीला बसण्याआधी

नाना पेठ, पुणे

प्रिय बाळा,

रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायरीवर तू विचारलंस, "टीचर, मराठीतल्या प्रार्थना शिकायला एखादं चांगलं पुस्तक सांगा ना." मागे रिक्षावाला हॉर्न बडवत होता, मी काहीतरी पुटपुटले नि निघाले. खरं उत्तर असं की तुझं पुस्तक हडपसरला तुझ्याच घरात पलंगावर बसलेलं आहे. आजारी पडल्यापासून आजी फक्त मराठीतच रोझरी, म्हणजे माळेवरचा मारियेचा जप, म्हणतात आणि तुला शेजारी बसून नुसतं "आमेन" म्हणता येतं, हे तू सांगितलंस ना, त्यातच तुझी शिकवणी ठरली.

तुला आधी अर्थ हवाय, पाठांतर मागाहून. न कळता म्हटलेलं तुला खोटं वाटतं. मला नाही वाटत. आपल्या पेठेत दरवर्षी तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला येते. दिंडीतल्या बायकांचा हरिपाठ ऐकतच मी मोठी झाले. त्यातल्या किती जणींना शब्दन् शब्द उलगडून सांगता येईल? पण तो त्यांच्या तोंडात बसलेला असतो, आणि अडीअडचणीला नेमकी हवी ती ओळ वर येते. (आपण उभ्या होतो त्या चर्चची जागाही सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेली, १७९२ साली. या पेठेला दोन्ही जपांची सवय जुनी आहे.)

पाठांतरात घोटाळे होतात, ते होऊ देत. मी सहा-सात वर्षांची असताना रोझरीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या 'नमो मारिये' या प्रार्थनेतलं "तुझ्या उदराचे फळ" हे "उधाराचे फळ" असं म्हणायचे. उदर कोणाला ठाऊक! उधार मात्र चांगलं ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या लाल वहीत आमच्या घरचं खातं होतं. मारियेनेही फळ उधारीवर आणलं असेल, आपल्यासारखीच परिस्थिती, अशी माझी समजूत. दोनेक वर्षं मी तसंच म्हणत होते. मग एका संध्याकाळी माझ्या आजीच्या कानावर पडलं. ती हसली नाही. मामी बाळंतपणाला आलेली होती, आजीने माझा हात धरून तिच्या पोटावर ठेवला आणि म्हणाली, "हे उदर." आतून लाथ बसली तशी मी हात मागे घेतला.

पुढे बायबलातलं लूकचं शुभवर्तमान वाचलं तेव्हा कळलं की आजीने अगदी नेमकी जागा दाखवली होती. प्रार्थनेची सुरुवात गब्रिएल दूताच्या नमस्काराने होते, पण उदराची ओळ दूताची नाही. ती एलिझाबेथची. सहा महिन्यांची गरोदर बाई दारात आलेल्या गरोदर नातेवाईक मुलीला, मारियेला, बघून मोठ्याने बोलते, आणि तिच्याही पोटातलं बाळ त्याच वेळी उसळतं. पहिला अध्याय, ओळी २८ आणि ४२ उघडून बघ. "हे पवित्र मारिये" पासूनचा भाग मात्र बायबलात सापडणार नाही. तो ख्रिस्तसभेने पुढे जोडला. १५६८ च्या रोमन प्रार्थनाग्रंथात तो आजच्या रूपात आला. त्यातल्या "मरणाच्या वेळी" या शब्दांपाशी, आजी समोर असताना, तुझा आवाज अडेल. अडू दे. त्यांचा अडणार नाही. एका रोझरीत ही प्रार्थना ५३ वेळा, म्हणजे आजवर किती वेळा, तूच हिशेब कर.

येशूने शिकवलेल्या 'हे आमच्या बापा' या प्रार्थनेत माझी ती उधारी पुन्हा भेटते. आजी तिथे "ऋण" म्हणतात की "अपराध", ते कान देऊन ऐक. मत्तयच्या शुभवर्तमानात मूळ ग्रीक शब्द ऋणाचा आहे, लूकमध्ये पापाचा. मला ऋणच जवळचं वाटतं. वाण्याने एका दिवाळीला आमच्या खात्यावर आडवी रेघ मारली होती; क्षमा म्हटलं की मला अजून ती रेघ दिसते. आणि "रोजची भाकर" मधल्या "रोजची" शब्दावर तर पंडितांचे वाद आहेत. मूळ ग्रीक शब्द इतका दुर्मीळ की संत जेरोमने बायबलचं लॅटिन भाषांतर करताना लूकमध्ये त्याचा अर्थ "रोजची" केला आणि मत्तयमध्ये "द्रव्यापलीकडची". आपल्याकडे मराठीत भाकर आली, थापलेली, तव्यावरची. तेवढ्यावर माझं भागतं.

मराठीत म्हणजे कुठल्यातरी भाषांतरात आपण प्रार्थना करतोय, असंही मनात आणू नकोस. फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघातल्या इंग्रज धर्मगुरूचं ख्रिस्तपुराण १६१६ साली मराठी ओव्यांत छापलं गेलं. चारशे वर्षं या भाषेला येशूचं नाव घ्यायची सवय आहे.

एक भांडण आधीच मिटवून ठेवते. रोझरी म्हणताना येशू-मारियेच्या आयुष्यातल्या घटना मनात आणतात, त्यांना रहस्ये म्हणतात. गुरुवारी तुझं रोझरीचं अ‍ॅप प्रकाशाची रहस्ये दाखवेल आणि आजी आनंदाची सुरू करतील. त्या चुकत नाहीयेत. प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये सुचवली. त्याआधी गुरुवार आनंदाच्या रहस्यांचाच होता. फोन उशीखाली ठेव आणि त्यांच्यामागून म्हण. मण्यांची जपमाळ नसेल तर बोटांच्या पेरांवर मोज, बसमध्ये मी तेच करते.

व्हॉट्सॲपवर येणाऱ्या "अकरा जणांना पाठवा, इच्छा पूर्ण होईल" वाल्या प्रार्थना सरळ पुसून टाक. संतांच्या नावावर काहीही खपतं. "मला तुझ्या शांतीचे साधन कर" ही प्रार्थनासुद्धा संत फ्रान्सिसची नाही. ती पहिल्यांदा १९१२ साली एका फ्रेंच मासिकात छापून आली. प्रार्थना सुंदर आहे, जरूर म्हण, फक्त तेराव्या शतकातली आहे असं कोणाला सांगू नकोस.

रोज एकच ओळ घे. आजींच्या तोंडून येईल तशी वहीत उतरव, शुद्धलेखन सुधारू नकोस. पुस्तकाशी जुळली नाही तरी खोडू नकोस. गावागणिक शब्द बदलतात आणि तुझ्या आजी श्रीरामपूरकडच्या. माझीही आजी तिकडचीच, हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मारियेच्या, यात्रेला जाणारी. झोपताना ती चार ओळींची एक प्रार्थना म्हणायची. मी कधी लिहून घेतली नाही. आता मला पहिलीच ओळ येते, बाकीच्या तीन गेल्या. आजींना बरं वाटत असेल अशा एखाद्या संध्याकाळी मला फोन लावून दे. पहिली ओळ मी म्हणते, पुढची त्यांना येते का बघू.

तुझी,
टीचर