एल रीनो, 2013 : मुरलेले लोक वादळात कसे सापडले?

प्रश्न : 31 मे 2013 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एल रीनोजवळ झालेल्या टॉर्नेडोत (ढगापासून जमिनीपर्यंत उतरणाऱ्या फिरत्या वादळात) टिम समारास यांच्यासारख्या जाणकार संशोधकाचा जीव गेला. वादळांचा पाठलाग करणारे अजूनही त्या दिवसाबद्दल हळहळतात. नेमकं काय चुकलं?

उत्तर : एकाच चुकीवर बोट ठेवलं तर समारास, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग या दगावलेल्या तिघांवर अन्याय होईल. ते मोजमापासाठी गेले होते. 2003 मध्ये साउथ डकोटातल्या मँचेस्टरजवळ समारास यांनी टॉर्नेडोच्या वाटेत ठेवलेल्या यंत्राने हवेच्या दाबात 100 मिलिबारची घट नोंदवली होती.

टॉर्नेडो बहुधा ईशान्येकडे सरकतो, म्हणून पाठलाग करणारे त्याच्या आग्नेयेला थांबतात आणि दक्षिणेचा रस्ता मोकळा ठेवतात. एल रीनोत तो आधी आग्नेयेकडेच निघाला. नेहमीची सुरक्षित जागाच त्याच्या वाटेत आली. पुढे तो पूर्वेकडे वळला, मग ईशान्येकडे, आणि वेग ताशी 80 किलोमीटरच्या वर गेला. रुंदी 4.2 किलोमीटरपर्यंत वाढली. एवढा रुंद टॉर्नेडो तोवर नोंदला गेला नव्हता.

त्यात तो पावसाने वेढलेला. ढगाचं नरसाळं दिसलं तरी वाऱ्याची कड त्याच्या बरीच बाहेर असते. शिवाय पोटातले छोटे भोवरे मुख्य केंद्राभोवती प्रचंड वेगाने फिरत होते. फोनवरचं रडारचित्र चार-पाच मिनिटं जुनं असू शकतं, आणि ताशी 80 च्या वेगाने पाच मिनिटांत वादळ साडेसहा किलोमीटर पुढे आलेलं असतं. त्यातच वादळ भोवतालची हवा आत ओढतं, त्यामुळे त्याच्यापासून पळणाऱ्या गाडीला समोरून वारा लागतो. हलक्या गाडीला अशा वेळी वेग घेता येत नाही.

एवढं होऊनही टॉर्नेडोची तीव्रता 0 ते 5 मध्ये सांगणाऱ्या ईएफ मापनात त्याची अधिकृत श्रेणी ईएफ-3 राहिली. श्रेणी पडझडीवरून ठरते, आणि वाटेत बहुतेक मोकळी शेतं होती. गाडीवरून नेल्या जाणाऱ्या, वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या डॉप्लर रडारवर मात्र ताशी 470 किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा दिसला होता. म्हणून श्रेणी पाहून ‘मध्यम वादळ’ म्हणणं आम्हाला धोकादायक वाटतं.

प्रश्न : गाडीत असताना टॉर्नेडो समोर आला तर पुलाखाली थांबावं का?

उत्तर : मुळीच नाही. पुलाखालच्या चिंचोळ्या जागेत वारा आणखी जोर धरतो, उडालेले तुकडे तिथे घुसतात. 3 मे 1999 रोजी ओक्लाहोमात अशा पुलांखाली आसरा घेतलेले तिघे दगावले.

दूरच्या खांबाशी ताडून पाहा. टॉर्नेडो डावी-उजवीकडे न सरकता नुसता मोठा होत असेल, तर तो तुमच्याकडेच येतोय. अंतर असेल तर त्याच्या वाटेला काटकोनात निघा आणि पक्की इमारत गाठा. पावसात तो दिसतच नसेल तर अंदाजाने त्या बाजूला गाडी घालू नका. रस्ता तुंबलेला असेल आणि इमारत जवळ नसेल, तर पट्टा लावून काचेच्या खाली वाका आणि डोकं झाका. शेजारचा खड्डा रस्त्यापेक्षा बराच खोल आणि कोरडा असेल तरच त्यात पालथे पडा. एल रीनोच्या संध्याकाळी पुरानेही माणसं नेली.